अक्षराला धाप लागत नाही

नागपुरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये ‘दरवाजा बंद होत आहे, कृपया दूर उभे राहा’ असं जी बाई सांगते ती मी. ते वाक्य रेकॉर्ड करायला मला पंधरा मिनिटं लागली होती आणि पुढे मी ते विसरूनही गेले. मग सासूबाईंना त्याच हॉस्पिटलात न्यायची वेळ आली. स्ट्रेचर लिफ्टमध्ये घातलं, मी त्यांच्या उशाशी उभी राहिले आणि छतातून मीच बोलले. सासूबाईंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. “तू बोलली काय वं?” मी म्हटलं, “नाही.” खोटं नव्हतं, माझं तोंड मिटलेलंच होतं. वरचा मजला येईपर्यंत त्या बिचाऱ्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या.

त्या दिवसापासून मला माझ्या धंद्याची थोडी भीती वाटते. आवाज माणसापासून सोडवून घ्यायचा, धुऊनपुसून डबीत भरायचा आणि जिथे तो माणूस कधी जाणार नाही तिथे नेऊन ठेवायचा, हे माझं काम. प्रताप नगरात दुसऱ्या मजल्यावर माझ्या दोन खोल्या आहेत. तिथे पूर्वी ब्यूटी पार्लर होतं. आरसे काढून मी भिंतींना गाद्या ठोकल्या आणि दोन खोल्यांच्या मध्ये जाड काच बसवली. काचेपलीकडे बोलणारा असतो, अलीकडे मी. साड्यांच्या सेलच्या रिक्षा, पिकांच्या औषधांच्या जाहिराती, निवडणुका, सगळं करून झालं. अलीकडची काही वर्षं मात्र व्हिडिओ गेमचं काम जास्त येतं. माझ्या वयाच्या बाईने हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

गेमचं काम नाटकासारखं नसतं. नाटकात माणूस एकदाच मरतो. गेममध्ये खेळणारा त्याला कुठे आणि कसा मारील याचा नेम नाही, म्हणून सगळे मृत्यू आधीच भरून ठेवावे लागतात. एक निवृत्त शाळामास्तर माझ्याकडे असे मरायला येत. मोठे गुणी. सकाळी दहाला सुरुवात करून बारापर्यंत ते पडून, बुडून, जळून, बाण लागून मरत आणि मग खाली तर्री-पोहे खायला जात. मी वर बसून त्यांच्या मृत्यूंना नावं देई. पडून एक, पडून दोन, बुडून एक. खिडकीतून पाहिलं तर मास्तर खाली प्लेटमध्ये वरून तर्री मागत असायचे, आणि माझ्या कानातल्या हेडफोनमध्ये ते बुडत असायचे. भर दुपारी अंगावर काटा यायचा. आजही येतो.

या धंद्याची एक रीत इथे सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. कोणतंही वाक्य आम्ही ओळीने तीनदा म्हणून घेतो. त्याला तीन टेक म्हणतात. बोलणारा घरी गेला की तिन्ही ऐकायचे, त्यातला स्वच्छ तो ठेवायचा आणि उरलेले दोन पुसून टाकायचे. पसारा मला आवडत नाही. माझ्यासारखी साफ फाईल अख्ख्या नागपुरात कुणी देत नाही, असा माझा लौकिक होता आणि त्याचा मला ताठाही होता.

गिऱ्हाइकंही एकेक. जरीपटक्याच्या बाजारात खेळण्यांचं दुकान असलेल्या एका शेठनी लुडोचा गेम काढला. फासा बोलला पाहिजे आणि तो स्वतः शेठच्या आवाजात बोलला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. सहा पडले की “वाह, क्या बात!” महिन्याभराने ते तोंड पाडून आले. “मॅडम, पब्लिक आवाज बंद करके खेलती है. ते बंद करायचं बटण काढता येते का?” मी त्यांना चहा पाजला. पण त्यांनी विचारलेला प्रश्न खरा होता. गेममधल्या माणसांनी बोलावं, की खाली अक्षरं उमटली तरी पुरे?

सायलीचं म्हणणं, अक्षरं पुरे. सायली गेम बनवते, वय तिशीच्या आत, कामात एकमार्गी. लहानपणच्या तापाने तिचे दोन्ही कान गेले, ती मशीन लावते. तिचं म्हणणं सरळ होतं. “काकू, लिहिलेलं ज्याच्या त्याच्या वेगाने वाचता येते. आयत्या वेळी बदलता येते. आणि माझ्यासारख्यांनी काय करायचं? तुमच्या आवाजाच्या गेममध्ये आम्ही बाहेर उभे.” मी एवढंच म्हणाले, “पोरी, भीती लिहून कशी दाखवशील? अक्षराला धाप लागत नाही.” बराच वाद झाला. शेवटी तिने एक जागा मला दिली.

तिचा गेम असा. कोळशाची जुनी भुयारी खाण, आत एक म्हातारा अडकलेला. खेळणारा म्हणजे टोपीला दिवा लावून त्याला शोधणारा पोरगा. पडद्यावर सगळा काळोख आणि त्या दिव्याचा उजेडाचा गोल, बस्. शेवटी म्हातारा त्याला नावाने हाक मारतो आणि खेळणाऱ्याने उजेडाची वाट सोडून त्या हाकेच्या दिशेने अंधारात जायचं. तेवढ्या म्हाताऱ्याला आवाज द्यायचा असं ठरलं.

माझी मावसबहीण उमरेडला राहते. तिच्या शेजारचे नामदेवराव तिने सुचवले. सगळी नोकरी भुयारी खाणीत काढलेले, तिथले टिंबर मिस्त्री. म्हणजे छताला लाकडी टेकू देणारे. ती खाण कधीच बंद झाली, आता पाण्याने भरली आहे. मे महिन्यात ते उमरेडहून एसटीने आले. बारीक अंगाचे, हातात काठी, छातीत कायमची घरघर. बोलायच्या खोलीत शिरले आणि आधी काठीने छत ठोकलं, मान तिरपी करून ऐकलं. “पक्कं आहे,” म्हणाले. मग बसले. मला हा माणूस आवडला. आम्ही दोघंही ऐकून पोट भरणारे.

रेकॉर्डिंग चालू असताना कुलर बंद ठेवावा लागतो. मे महिन्यातल्या नागपुरात कुलर बंद म्हणजे काय ते नागपूरकरालाच कळेल. घाम गाळत नामदेवरावांनी ‘पाणी आहे काय’, ‘डावीकडं जाऊ नको’ वगैरे वाक्यं भाजीची यादी वाचावी तशी वाचली. हाकेचा कागद हातात आला तेव्हा थांबले.

“यात त्या पोराचं नाव विकास लिवलं आहे. बदलवता येते काय?”

“काय ठेवू?” मी विचारलं.

“सुखदेव.”

माझ्याशेजारी बसलेल्या सायलीने अर्ध्या मिनिटात पडद्यावरचं नाव बदललं आणि ‘बघा, अक्षरांचा हाच फायदा’ अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. नामदेवरावांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, उभे राहिले आणि हाक मारली. “सुखदेव!” थांबले. पुन्हा मारली. थांबले. तिसऱ्यांदा मारली आणि मान तिरपी करून तसेच उभे राहिले, छत ऐकताना राहिले होते तसे. मी बटण दाबून म्हटलं, “छान. तीन टेक मिळाले.” ते फक्त “हो” म्हणाले. टेक म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि सांगायचं मला सुचलं नाही.

निघताना जिन्यात त्यांनी मला थांबवलं. “बाई, ते बाकीचं राहिलं तरी चालते. हाक तेवढी बराबर पोचली पाहिजे. पोचंन ना?”

“पोचेल की,” मी म्हटलं. इतक्या सहज शब्द दिला.

संध्याकाळी मी तिन्ही हाका ऐकल्या. पहिली स्वच्छ होती. दुसरीत चिडचिड होती. तिसरी फाटली होती, शेवटी घरघर. पहिली ठेवली, दोन पुसल्या.

गेम पुरा व्हायच्या आधी चार-सहा लोकांना खेळायला बसवून बघतात. पहिल्या खेपेला सायलीने नुसती अक्षरं ठेवली होती. खाली चौकटीत ‘सुखदेव!’ उमटायचं, सगळे खेळणारे मुकाट अंधारात जायचे आणि म्हातारा सापडायचा. दुसऱ्या खेपेला आवाज घातला. सकाळची वेळ, खिडकीतून लख्ख ऊन, सहा जण सहा पडद्यांसमोर. मी मागे उभी होते. माझी हाक आता सगळ्यांना खेचून नेणार, या आनंदात.

हाक गेली आणि दिवे थांबले. एक मुलगा सरळ आत गेला, तो लहानपणापासून बंगलोरला वाढलेला. उरलेले पाच उजेडाचे गोल काळोखात एका जागी उभे राहिले. कुणी पुढे जाईना, मागेही फिरेना. पाच माणसं खुर्च्यांवर बसलेली, हात अधांतरी. शेवटी मी भिवापूरकडच्या प्रणाली नावाच्या मुलीच्या खांद्याला हात लावला. ती दचकली.

“काहून थांबली?”

तिने हेडफोन काढला. “मॅडम, तो माणूस नाही आहे.”

“म्हणजे?”

“एकच हाक मारली त्यानं. अन् चूप. आमच्या घरी सांगतात, अंधारात कोणी एकदा बलावलं तर ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेनंतर द्यायची. माणूस असला तर तीनदा बलावते.” मग तीच जराशी ओशाळली. “मले माहीत आहे गेम आहे म्हणून. पण पाय नाही निघत.”

पाय नव्हतेच तिथे, कंट्रोलरवरचं बोट होतं. पण मी हसले नाही. हे मलाही माहीत होतं. माझ्या आजोळी हेच सांगत. आणि नामदेवरावांनी तीन टेक दिलेच नव्हते. त्यांनी एक हाक मारली होती, जशी मारायला पाहिजे तशी, तीनदा. माझ्या स्वच्छतेने तिच्यातला माणूस पुसला होता आणि दुसरंच काहीतरी शिल्लक ठेवलं होतं.

सायलीने निकाल दिला. चार दिवसांनी गेम पुण्याच्या कंपनीला पाठवायचा होता. “आवाज काढून टाकू, काकू. अक्षरांनी सगळे जातात.” तिचं चूक नव्हतं. पण मी जिन्यात शब्द दिला होता. एक दिवस मागून घेतला आणि नामदेवरावांना फोन केला. चूक माझी आहे, पुन्हा यावं लागेल, एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने ते आले. “आधी दाखवा तं खरं,” म्हणाले. सायलीने त्यांच्या हातात कंट्रोलर दिला, दिवा कसा चालवायचा ते शिकवलं. खाणीत ते बरोबर चालत होते, आमच्यापेक्षा बरोबर. मग त्यांच्याच आवाजातली हाक आली, एकदा. दिवा थांबला. नामदेवरावांनी कंट्रोलर हळूच मांडीवर ठेवला आणि पडद्याकडे बघत राहिले.

“असाच थांबला होता,” ते म्हणाले.

“कोण?”

“सुखदेव. माह्या जोडीचा.” मग ते थांबत थांबत बोलले. “गावात रातीचा जो कायदा असते ना बाई, तो आमच्या खाली दिवसाबी होता. खाली तं चोवीस तास रातच. अन् आधी दबून गेलेले लोक तिथं. कोन बलावून राहिलं, काय मालूम? तीन हाका झाल्या का माणूस. त्या दिवशी लाकूड बोललं. टेकू बोलते, छत येऊन राहिलं म्हणून. मी पळालो, वळून एक हाक मारली. तोंडात धूळ गेली. दुसरी निंघालीच नाई. त्याचा दिवा दिसत होता मले. माह्याकडं वळला, अन् थांबला. तो आयकत होता, बाई. दुसरीची वाट पाहून राहिला होता.”

सायलीने त्यांच्या ओठांवरची नजर काढली नव्हती. मग ते माझ्याकडे वळले. रागाने बोलले असते तर बरं झालं असतं.

“इथं तं मी तिन्ही मारल्या होत्या.”

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचे आवाज कापते आहे. त्या वेळेइतकी लाज मला कधी वाटली नाही. जी हाक या माणसाला जन्मात एकदा पुरी मारता आली होती, ती मी फाईल नीट दिसावी म्हणून पुन्हा तोडली होती. मी त्यांचे पाय धरले असते, पण ते आधीच उठून बोलायच्या खोलीत गेले होते.

कुलर बंद केला. पहिली हाक निघाली, दुसरी निघाली. तिसरीला छाती भरून आली आणि खोकल्याने ते वाकले. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. अर्धा तास गेला. सायली माझ्या कानाशी म्हणाली, “पहिलीच तीनदा जोडू या ना, काकू. कॉपी करायला कितीक वेळ लागते?” माझं बोट बोलायच्या बटणावरच राहिलं होतं, ते पलीकडे गेलं. नामदेवरावांनी मान हलवली.

“नाई. ते तसंच करते.”

“कोण?” मी विचारलं.

“जे माणूस नाई ते. तीन शिकलं तरी तिन्ही सारख्याच मारते. माणसाच्या तीन हाका तीन असतात.”

गाद्यांच्या त्या खोलीत, भर उन्हात, माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. एकसारख्या तीन हाका करायला मला खरंच दहा सेकंद लागले असते. मी आयुष्यभर तेच करत आले होते.

मग सायलीनेच युक्ती काढली. गेमचा एक पडदा तिने नामदेवरावांच्या समोर नेऊन ठेवला. त्यावर काळोख आणि लांबवर थांबलेला एक दिवा. तो दिवा चालवणारा कंट्रोलर घेऊन ती अलीकडे, माझ्याशेजारी बसली. घामाने तिचं कानाचं मशीन बंद पडलं होतं, ते तिने रुमालात गुंडाळून ठेवलं होतं. म्हणून मी कागदावर लिहून दिलं, ‘तिसरी हाक झाली की मी हात वर करीन. मग दिवा पुढे आण.’ तिने मान डोलावली.

पहिली हाक जेवायला बोलवावं तशी आली. दुसरीत राग होता. मग खोकला आला, ते भिंतीला टेकले आणि डोळे पुसून पुन्हा समोर पाहिलं. दिवा तिथेच होता. तिसरी हाक मोठी नव्हती. ती कशी होती ते मी लिहू शकत नाही, माझाच मुद्दा आहे तो. एवढंच सांगते की ती ऐकून माझे हात मांडीवरून उठलेच नाहीत.

आणि दिवा हलला. जागेवर जरा डळमळला, मग वळला आणि काळोखातून पुढे येऊ लागला. पडदाभर उजेड झाला. काचेपलीकडे तो उजेड नामदेवरावांच्या तोंडावर पडला. ते दोन पावलं मागे सरले, भिंतीला धरून खाली बसले.

“आला,” म्हणाले. “आला गा.”

मी रेकॉर्डिंग बंद केलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. सायलीला हाताने खूण करून विचारलं, मी हात तर वर केलाच नाही, मग? ती मशीन काढलं की जरा मोठ्याने बोलते.

“तुमच्याकडे मी पाहिलंच नाही, काकू. त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. तीनदा उघडलं.”

“ऐकू आलं?” मी कानाला हात लावून विचारलं.

“नाही.” ती डोळे पुसत होती. “शेवटी ते काय म्हणाले?”

मी कागदावर लिहून दाखवलं. तिने कीबोर्ड ओढला आणि तीन वेगळ्या चौकटींत, त्यांच्या श्वासाएवढं अंतर ठेवून, ‘सुखदेव!’ तीनदा टाईप केलं. चौथ्या चौकटीत ‘आला गा’. गेम तसाच गेला. हाकाही आहेत, अक्षरंही आहेत. खोकलासुद्धा मी कापला नाही.

दुपारच्या गाडीने नामदेवराव परत निघाले. पाणी प्यायले, चपला घातल्या, सायलीच्या डोक्यावर हात ठेवला. मी कुलर लावून बसले तोच खालून हाक आली, “बाई!” मी जिन्याच्या तोंडाशी गेले. ओ द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. “बाई!” या वेळी जरा चिडून. मी कठड्याला धरून उभी राहिले. जिना रिकामा होता. “ओ बाई!”

“ओ!” मी म्हटलं.

“काठी राहिली वर.”

मी काठी घेऊन खाली गेले.